चौतीस नंबरची चिठ्ठी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाकडे किस्से नसतात, तक्रारी असतात. आत्याबाई एकाही फ्रेममध्ये नाहीत, मित्रांचा नाच अर्धाच आलाय, आणि अक्षता पडताना तुमचा कॅमेरा पंख्याकडे काय करत होता? परळच्या गाळ्यात बसून मी वर्षानुवर्षं हेच ऐकलं. मग अनुजाबरोबर चाळीचाळीतून कॅमेरा घेऊन फिरायला लागलो आणि किस्से असे साठत गेले की आता ते सांगायला माणसं पुरत नाहीत. बायको म्हणते, जेवताना तरी ती चाळ बंद करा हो!

अनुजा दादरची. वयाने माझ्याहून बरीच लहान, पण आवाज हेडबाईंचा. ती एका छोट्या संस्थेत काम करते आणि तिच्या कामाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मी आपलं सोपं करून सांगतो. ज्या विषयावरून लोक भांडतात, त्या विषयावर त्याच लोकांनी मिळून फिल्म काढायची. आम्ही फक्त कॅमेरा द्यायचा आणि बाजूला बसायचं.

नियम दोनच. बोलणाऱ्याशी ज्याचं अजिबात पटत नाही, कॅमेरा त्याच्याच हातात द्यायचा. आणि कॅमेरा ज्याच्या हातात, त्याने तोंड उघडायचं नाही. पहिला नियम ऐकून लोक हसतात. दुसरा ऐकून गंभीर होतात. मुंबईत माणसाला बोलू नको म्हणणं म्हणजे काय, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच कळेल!

आज सांगतोय ते सगळं काळाचौकीच्या एकाच चाळीतलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर आप्पांचा फोन येईल.

* * *

आप्पा राणे म्हणजे चाळ कमिटीचे अध्यक्ष. उमेदीत गिरणीत, गिरणी गेल्यावर कुरियर कंपनीत, आणि रिटायर झाल्यापासून फुलटाइम चाळीत. पांढरा बुशशर्ट, ताठ मान. एरवी बोलणं स्वच्छ मराठीत, पण आतून काही हललं की माणूस मालवणीवर येतो. ते मला आजही नावाने हाक मारत नाहीत. ‘शूटिंग’ म्हणतात.

पहिली मीटिंग चाळीच्या चौकात. अनुजाने विचारलं, “तुमच्या चाळीत वादाचा विषय कोणता?”

आप्पा म्हणाले, “आमच्याकडे वाद नाहीत. लिहून घ्या.”

दुसऱ्या मजल्यावरच्या परबकाकू कठड्यावरून ओरडल्या, “नाहीत कसे?”

“नाहीत म्हणजे नाहीत.”

“आहेत म्हणजे आहेत!”

झालं. अर्धी चाळ ‘आहेत’च्या बाजूला, अर्धी ‘नाहीत’च्या. कोणी पाण्यावर आलं, कोणी पार्किंगवर, कोणी चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरवर. आवाज इतके चढले की बाहेरचा भेळवाला आत डोकावून गेला. शेवटी अनुजा म्हणाली, “आप्पा, हाच वाद ना?”

आप्पा म्हणाले, “छे! ही चर्चा आहे. वाद झाला की तुम्हाला कळेलच.”

आणि कळलंच! कारण तेवढ्यात मंजू उभी राहिली.

* * *

मंजू म्हणजे मंजिरी, खोली नंबर चौतीस. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. नवऱ्याशी घटस्फोट घेऊन मुलीला, सईला, घेऊन माहेरी परत आली. पुढे आईवडील गेले, आता खोलीत दोघीच.

या चाळीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो. पूजेला कोणी बसायचं, ते चिठ्ठीवर ठरतं. सगळ्या खोल्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतात, चाळीतलं एखादं पोर चिठ्ठी काढतं, आणि ज्यांचा नंबर येईल ते जोडपं पाटावर बसतं. पूजेला जोडपं लागतं, त्यामुळे ज्या खोलीत जोडपं नाही तिची चिठ्ठी डब्यात जातच नाही. अशा चारपाच खोल्या होत्या. कोणी कधी काही बोललं नव्हतं.

मंजू म्हणाली, “माझ्या खोलीची चिठ्ठी डब्यात का नसते? आईबाबा होते तोवर असायची. आता सई दर वर्षी डब्यापाशी जाऊन उभी राहते आणि विचारते, आई, आपला नंबर कधी येणार? यंदा तिला काय सांगू, तेवढं मला सांगा.”

मघाशी ‘आहेत’ म्हणून ओरडणारेही गप्प.

आप्पा म्हणाले, “पहिल्यापासून असंच आहे, बाळा.”

“मग विषय हाच,” अनुजा म्हणाली. मला वाटलं, आता आपल्याला कॅमेऱ्यासकट बाहेर काढतात.

* * *

काढलं नाही. कारण कॅमेऱ्याचं आकर्षण! पहिला आठवडा नुसती शिकवणी चालली. माणूस फ्रेममध्ये कसा घ्यायचा, उजेड कुठून हवा, माइक कुठे लावायचा. परबकाकूंना मी सांगितलं की बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहा. त्यांनी शेजारच्या राऊतबाईंची मुलाखत घेतली. विषय, पूजेत बायकांचं स्थान. राऊतबाई छान बोलल्या. पण चित्रात त्यांचा कान आणि त्यांच्यामागची भांड्यांची मांडणी.

सगळ्यांसमोर ते शूटिंग लावलं. आमच्याकडे पद्धत अशी की बघताना कोणालाही काही खटकलं, तर त्याने ‘थांबवा’ म्हणायचं, आणि मग त्यावर बोलायचं. मिनिटभरात परबकाकूच ओरडल्या, “थांबवा!”

अनुजा खूश. वही उघडून बसली. “बोला काकू, काय वाटलं?”

“जरा मागे घ्या. अजून. हां! तो वरच्या फळीवरचा कुकर माझा आहे!”

राऊतबाईंनी कुकर नेला होता गणपतीत, मोदकांच्या वेळी. गेले कित्येक महिने “तुमचा कुकर? छे, आमच्याकडे नाही हो” चाललं होतं. आता पडद्यावर हँडलला बांधलेल्या लाल दोऱ्यासकट कुकर! राऊतबाई उठल्या, वर गेल्या, कुकर आणून परबकाकूंच्या मांडीवर ठेवला. त्या दिवशी काळाचौकीत आमच्या फिल्मवर लोकांचा जो विश्वास बसला तो कायमचा.

* * *

मग आला गुरुजींचा दिवस. चाळीतल्या दोन्ही पार्ट्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की गुरुजींना विचारू, ते सांगतील तो निकाल. गुरुजी तरुण. स्कूटरवरून येतात, कानात ब्लूटूथ. त्यांना खुर्ची दिली, माइक लावला, सगळी चाळ भोवती कोंडाळं करून उभी राहिली.

अनुजाने विचारलं, “गुरुजी, एकट्या बाईने पूजेला बसलेलं चालतं का?”

गुरुजींनी आप्पांकडे पाहिलं. मंजूकडे पाहिलं. भोवतालच्या गर्दीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “मला पुढची पूजा प्रभादेवीला आहे. तुम्ही भांडून घ्या, ठरवून घ्या. पाटावर जो बसेल त्याची पूजा मी मनापासून सांगतो.”

आणि स्कूटरला किक! दोन्ही पार्ट्या तोंड पाडून बसल्या. अनुजा मात्र हसत होती. म्हणाली, “अरे, याहून मोठी परवानगी काय असते?”

* * *

आता मुख्य शूटिंग. मंजूच्या खोलीत. मंजू बोलणार, आणि नियमाप्रमाणे कॅमेरा तिच्या सगळ्यात मोठ्या विरोधकाच्या हातात. म्हणजे आप्पांच्या.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी कॅमेरा खांद्यावर ठेवून दिला आणि परत एकदा आठवण केली, “आप्पा, बोलायचं नाही हं.”

“शूटिंग, मी कमिटी चालवतो. शिस्त मला नको शिकवू!”

मंजू बोलायला लागली. सासरचं, कोर्टाचं, परत आल्यावर चाळीने कसं सांभाळलं त्याचं. सईला तापात आप्पांनीच टॅक्सीतून नेलं होतं, तेही बोलली. आप्पांची फ्रेम एकदम स्थिर. मला हेवा वाटला. मग म्हणाली, “आप्पांच्या सुमनकाकू गेल्या, तरी त्यानंतरच्या वर्षी आप्पांची चिठ्ठी डब्यात होतीच, आणि नेमकी तीच निघाली. तेव्हा आप्पा एकटेच पूजेला बसले. शेजारी काकूंच्या जागी पानावर सुपारी मांडली होती. मी स्वतः बघितलं. कोणी काही म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. पण आप्पांना सुपारी चालते, तर मला का नाही?”

कॅमेरा हलला. मग हळूहळू खाली जायला लागला. मंजूची हनुवटी, मंजूचे हात, मंजूची पावलं, मग नुसती लादी. लादीवर बराच वेळ काही नाही. फक्त आप्पांचा श्वास ऐकू येतो.

मी पुढे झालो. म्हटलं रीटेक घेऊ. आप्पांनी हाताने मला थांबवलं. बोलले नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त!

हा शॉट आम्ही फिल्ममध्ये जसाच्या तसा ठेवलाय. आयुष्यभर लग्नांत मी एकेक फ्रेम नीट लावली, पण त्या लादीइतकं चांगलं काही माझ्या हातून निघालेलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी उलटं. आप्पा बोलणार, कॅमेरा मंजूकडे.

आप्पांनी कागदावर मुद्दे काढून आणले होते. रूढी, पूर्वज, चाळीची एकी. पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. मग सुमनकाकूंविषयी बोलायला लागले. ते मालवणीवर कधी आले, कळलंच नाही.

“त्या दिसा पाटार बसलंय आणि बाजूक बघलंय तर सुपारी. एवढीशी. हिचो चेहरो आठवलो. मी हळूच म्हटलंय, सुमन, धूर लागता तर जरा मागे सर गो. चाळीस वर्षांची सवय, काय करतलंय? पूजा संपली, गुरुजी म्हणाले सुपारी दक्षिणेबरोबर द्या. माझ्यान देववली नाय.”

मंजू कॅमेऱ्यामागे रडत होती. पण नियम नियम! हूं नाही की चूं नाही. फक्त फोकस गेला, तो बराच वेळ परत आला नाही.

आप्पा उठले, दारापाशी थांबले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “पण माझं मत बदललेलं नाही.” आणि गेले.

* * *

फिल्म तयार झाली आणि चौकातच पहिला शो. पडदा म्हणून राऊतबाईंची डबलबेडची चादर, खुर्च्या मंडळाच्या, चहा परबकाकूंचा.

आप्पांचं वाक्य आलं, “पूजेला जोडपं लागतं.” आणि मागून आवाज आला, “थांबवा!”

तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी. सावंत आणि सावंतवहिनी एकमेकांशी बोलत नाहीत, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. भांडण कसलं झालं ते त्यांनाही आठवत नसावं. निरोप शेजाऱ्यांमार्फत. “त्यांना सांगा ताट वाढलंय.” “तिला सांगा मी जेवून आलोय.”

वहिनी उभ्या राहिल्या. “दोन वर्षांपूर्वी पूजेला आम्ही बसलो होतो. शेजारी शेजारी. अख्ख्या पूजेत हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. तरी आम्ही जोडपं! आणि ती पोर पोरीला घेऊन सुखाने राहते, ती चालत नाही?”

सगळ्यांच्या माना सावंतांकडे. सावंत लालबुंद. ताडकन उठले आणि सरळ बायकोकडे बघून म्हणाले, “अगं, पण मी बोललो नाही कारण तूच तर बोलत नव्हतीस!”

मग परबकाकू किंचाळल्या, “बोलले! बोलले!”

टाळ्या काय, शिट्ट्या काय! त्या दोघांना कळेना की झालं काय. फिल्म पुढे सरकायला चहाची आणखी एक फेरी लागली. माझ्या मते संस्थेने रिपोर्टात एवढं एकच लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

शो संपला तसे आप्पा सरळ जिना चढून गेले. अनुजाचा चेहरा उतरला. मंजू म्हणाली, “जाऊ दे ताई. ऐकून तरी घेतलं.”

* * *

सव्वीस जानेवारीच्या आधीचा रविवार. चिठ्ठ्या टाकायचा दिवस. आप्पा डबा घेऊन चौकात आले. नेहमीप्रमाणे एकेक नंबर मोठ्याने वाचायचा आणि चिठ्ठी आत टाकायची. “एकतीस.” टाकली. “बत्तीस.” टाकली. “तेहतीस.” टाकली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“चौतीस!”

एवढ्या जोरात म्हणाले की परबकाकूंच्या हातातला चमचा पडला. ज्या खोल्या वगळल्या जायच्या, त्या सगळ्यांचे नंबर आप्पांनी वाचले. अनुजा माझा दंड धरून नुसती हलवत होती.

आणि चिठ्ठी निघाली, बारा नंबरची! राऊतांची.

सगळ्या चाळीचा हिरमोड. पिक्चरसारखं व्हायला हवं होतं, झालं नाही. आमची मंजूकडे बघायची हिंमत होईना. तर मंजू जागेवर नाही! थोड्या वेळाने लालबागहून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली आणि वाटायला लागली.

राऊतबाई गोंधळल्या. “अगं, नंबर आमचा आलाय.”

“तुमचा आलाय, पण माझा डब्यात होता ना! घ्या, तोंड गोड करा.”

सई प्रत्येकाला पेढा देताना एकच सांगत होती, “आमचा पुढच्या वर्षी येऊ शकतो.”

* * *

मधल्या वर्षात फिल्म बरीच फिरली. दादरच्या एका हॉलमध्ये दाखवली तेव्हा चाळीतले झाडून सगळे आले, टेम्पो करून. शो झाल्यावर प्रश्नोत्तरं. लोक चांगलंचुंगलं बोलले. आप्पा स्टेजवर खुर्चीत, एकदम पाहुणे कलाकार.

खाली उतरताना एक बाई त्यांच्यापाशी आल्या. उंची साडी, केस पांढरेशुभ्र, बोलणं अगदी मृदू. म्हणाल्या, “आमच्या सोसायटीत मी पूजेचं सगळं करते. फुलं, प्रसाद, रांगोळी. मिस्टर गेल्यापासून बसत मात्र नाही.” मग म्हणाल्या, “तुमच्या डब्यात बाहेरच्यांची चिठ्ठी घेता का हो?”

आप्पांनी माझ्याकडे वळून सांगितलं, “शूटिंग, यांचा पत्ता घे. कॅमेरा घेऊन जाऊ.” आम्ही गेलोसुद्धा. पण ते किस्से वेगळे.

* * *

यंदा चौतीस नंबर आला.

चिठ्ठी सईनेच काढली. आधी स्वतः वाचली, मग आईला दाखवली, मग खात्री करायला परत आप्पांना दाखवली. त्यानंतर चाळीत असा दंगा झाला की शेजारच्या गल्लीतले लोक विसर्जन समजून बघायला आले!

पूजेच्या दिवशी मंजू मोरपंखी साडी नेसून पाटावर बसली. मागे सई. चाळ खच्चून भरलेली. शूटिंग आप्पांकडे. आता चाळीतलं कुठलंही शूटिंग तेच करतात, मला नुसतं बॅटरी धरायला बोलावतात.

गुरुजींनी तयारी बघितली आणि सवयीने म्हणाले, “सोबत कोणी नाही ना? मग पानावर सुपारी मांडा.”

मंजू म्हणाली, “गुरुजी, सुपारी म्हणजे नवऱ्याच्या जागी ना?”

“हो.”

“मग नको. त्याला शेजारी बसवायचा असता तर कोर्टात कशाला गेले असते?”

हशा पिकला. परबकाकू तर खांबाला धरून हसत होत्या. गुरुजींचा हात तसाच हवेत, पुढची पूजा प्रभादेवीला, आणि काय करावं कळेना.

आप्पांनी कॅमेरा खांद्यावरून उतरवला आणि माझ्या हातात दिला.

“शूटिंग, धर. माका बोलूचा आसा.”

ते पुढे गेले. बुशशर्टाच्या खिशातून रुमालाची छोटी घडी काढली, उलगडली. आत एक सुपारी. जुनी, सुकलेली. त्यांनी एक विड्याचं पान उचललं, मंजूच्या शेजारी ठेवलं आणि त्यावर ती अलगद मांडली.

मंजू हळू आवाजात म्हणाली, “आप्पा, म्हटलं ना, नवरा नको.”

“अगो, ह्यो तुझो घोव नाय,” आप्पा म्हणाले. “ही माझी सुमन. तुझ्या बाजूक बसूक इली.”

मंजूने पदर सावरला आणि जरा सरकून जागा केली.